एका हाताने चालणारा

त्याने ब्लेंडर काउंटरवर उलटा केला, खिशातला पेचकस काढला आणि बुडातल्या पहिल्याच स्क्रूला लावला.

"अहो काका, काय करताय?" काउंटरपलीकडची बाई घाईने पुढे आली. "विकायचा माल आहे तो."

"मोटर बघतोय."

"मोटरची माहिती खोक्यावर लिहिली आहे की."

"खोक्यावर सगळ्यांचंच चांगलं लिहिलेलं असतं."

बाईने ब्लेंडर त्याच्या हाताखालून हळूच काढून घेतला आणि सरळ उभा केला. त्याने पेचकस परत खिशात ठेवला. आयुष्यभर त्याने जळलेल्या मोटरी उघडल्या होत्या. पंपाच्या, पंख्यांच्या, मिक्सरच्या. आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी गुंडाळायची, बटण दाबायचं आणि कान लावून ऐकायचं, हाच त्याचा धंदा. वस्तीत सगळे त्याला वाइंडर म्हणत. नवी वस्तू विकत घ्यायला तो अशा दुकानात पहिल्यांदाच उभा होता.

"कशासाठी हवाय, ते तरी सांगा," बाई म्हणाली.

"बायकोसाठी. जबड्याचं ऑपरेशन झालंय. सहा आठवडे सगळं पातळ द्यायचंय. गुठळी नको, दोरा नको, बी नको."

हे त्याने पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. आज शनिवार होता. सोमवारी तिचं वजन करायचं होतं आणि काटा आणखी खाली गेला तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले होते. घरी आल्यावर तिने पाटीवर लिहिलं होतं, 'नळी नको'. खाली दोन रेघा ओढल्या होत्या, दुसरी ओढताना खडू मोडला होता. तरीही परवापासून ती दर वेळी तीन-चार घोट घेई आणि पेला बाजूला सारी. घरचा मिक्सर जुना, पाती बोथट झालेली. दोष मिक्सरचाच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत उकडलेली गाजरं होती.

"ही फिरवून दाखवा. प्रत्येक मशिनात."

बाईने एकदा गाजरांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग जोडणी केली.

ज्यूसरने एका बाजूने रंगीत पाणी दिलं आणि दुसऱ्या बाजूने सगळा चोथा बाहेर टाकला. "यातलं सत्त्व तर चोथ्यातच गेलं," तो म्हणाला आणि त्याने तो ज्यूसर हाताने दूर सरकवला. दुसरा, मघाशी त्याने उलटा केलेला, भारी होता. खोक्यावर तांब्याची तार लिहिलेली, जार जाड काचेचा. तो सुरू झाला तशी वाइंडरच्या कपाळावरची आठी सैल झाली. आवाज एकसारखा, भरदार होता. पण जार मोठा आणि गाजर वाटीभर. ते भिंतींना चिकटून वरच राहिलं आणि पाती खाली रिकामी फिरत राहिली.

"एका माणसासाठी हा मोठाच पडतो," बाई म्हणाली. "शिवाय जड आहे. त्यांचा हात वर होतो का?"

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. "उजवा होत नाही. मानेतूनही कापलंय ना. तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या वहिनीचं असंच झालं होतं. मग हा जार त्या उचलणार कशा?"

"तिला कशाला उचलायला लावू? मी आहे ना."

 बाईने खालच्या फळीवरून तिसरा ब्लेंडर काढला. पाण्याच्या पेल्याएवढाच. पेल्यात जिन्नस घालायचे, पातं बसवायचं, उलटा करून मोटरवर दाबायचा; फिरवून झालं की त्याच पेल्यातून प्यायचं. तिने ते सगळं डाव्या हाताने करून दाखवलं, उजवा मुद्दाम पाठीमागे धरून.

"आणि हा तिन्हींत स्वस्त," ती म्हणाली.

"स्वस्त असणारच. खेळणं आहे हे. आत ॲल्युमिनियमची तार असणार. वर्षभरात जळेल."

"जळली तर तुम्ही आहातच की."

त्याला हसू आलं नाही. पेल्यातलं गाजर त्याने चिमटीत घेतलं आणि डोळे मिटून अंगठ्याने बोटावर चोळलं. कण लागला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. मग खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि म्हणाला, "द्या."

घरी आला तेव्हा ती खुर्चीत बसली होती, खांद्यावर टॉवेल, मांडीवर पाटी. त्याने खोकं तिला दाखवलं, पण उघडलं स्वतःच. तीस वर्षांत तिने त्याला ओट्याशी उभं राहू दिलं नव्हतं. गेले दोन आठवडे ओटा त्याच्या ताब्यात होता. आहारतज्ज्ञांचा कागद त्याने भिंतीला चिकटवला होता. त्यातलं बघून त्याने भोपळा, गाजर, दूध असं सगळं मापून घातलं, फिरवलं, वर आणखी गाळलं. पेला तिच्या हातात दिला आणि समोर वाकून उभा राहिला. एका हातात रुमाल, दुसऱ्यात घोट मोजून लिहायची वही.

तिने एक घोट घेतला. दुसरा घेताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आला. तो हनुवटीपर्यंत पोचायच्या आत याचा रुमाल तिथे पोचला.

तिने तोंड मिटलं.

"काय झालं? गुठळी नाहीये यात. मी बोटाने बघितलंय."

तिने पेला बाजूला ठेवला.

"अगं, परवा सोमवार आहे." त्याचा आवाज त्याला न विचारताच चढला. "थोडं तरी घे. माझ्यासाठी घे. मी आता आणखी काय करू, तेवढं सांग."

तिने पाटी पुढे ओढली. मग डाव्या हाताने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत तिने लिहिलं, 'तुम्ही बाहेर जा'.

"बाहेर म्हणजे?"

तिने खडूने दाराकडे दाखवलं.

"आणि ठसका लागला तर? आत कोणी नसताना काही झालं म्हणजे?"

खडू दाराकडेच होता. त्याने वही मिटली, रुमाल तिच्या मांडीवर ठेवला आणि चपला न घालताच बाहेर आला. दार मागे ओढून घेतलं, पण कडीवरचा हात काढला नाही.

आत बराच वेळ काहीच नव्हतं. मग खुर्ची सरकली. पावलं ओट्याकडे गेली. काहीतरी खाली पडून घरंगळलं. कडी अर्धी फिरली. तेवढ्यात मोटर सुरू झाली.

पहिल्यांदा अडली, आत काहीतरी घट्ट होतं. मग सुटली आणि गरगर फिरायला लागली. बंद झाली. एका डब्याचं झाकण निघालं, मग दुसऱ्याचं. कोणते डबे ते त्याला ओळखता येईना. पंपाचा आवाज ऐकून आतल्या तारेचा कुठला वेढा तुटलाय ते सांगणारा माणूस. आपल्याच स्वयंपाकघरातली झाकणं त्याला कळत नव्हती. मोटर पुन्हा फिरली, थोडाच वेळ. मग शांतता.

एक खोकला आला.  दुसरा आला, पहिल्यापेक्षा मोठा. कडीवरची बोटं पांढरी पडली. तिसरा येईल म्हणून तो थांबला. आला नाही. त्याऐवजी पेल्याच्या तळाशी चमचा घासल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा.

वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन जिना चढत आल्या. त्याचे अनवाणी पाय पाहून थबकल्या.

"काय हो वाइंडर, घराबाहेर काढलं की काय?"

"हो," तो म्हणाला.

"आणि त्यांच्यापाशी कोण आहे मग?"

त्याने कडीवरचा हात काढला आणि त्यांना वर जायला वाट देत पायरीच्या कडेला बसला.

"कोणी नाही," तो म्हणाला. "जेवतेय ती."