परतीचं कारण

सदाशिव पेठेत शैला खरे यांचं बाळंतविड्यांचं दुकान आहे. दुपटी, झबली, टोपडी, एवढंच. दुकानाची रीत सासूबाईंपासूनची: गिऱ्हाइकाने बाळाच्या जन्माआधी कापड निवडावं, पण गाठोडं दुकानातच राहील. बाळ आल्याचा फोन आला, की मगच ते घरी पोचवायचं.

गेल्या वर्षी गिऱ्हाईक फारच रोडावलं, म्हणून त्यांनी शेजारच्या ऋतुजाकडून ऑनलाइन दुकान करून घेतलं. ही रीत ऐकून ऋतुजाने मान हलवली.

"काकू, मधे थांबावं लागलं की लोक दुसऱ्या साइटवर जातात. तीन टॅपमध्ये ऑर्डर, चौथ्या दिवशी घरपोच."

"घाई लोकांना असते. बाळाला नसते," शैलाताई म्हणाल्या. "पण शिकलेली तू आहेस. कर."

दोन महिने ऑर्डरी बऱ्या आल्या. मग एका सोमवारी वारज्याहून पार्सल परत घेण्याची विनंती आली. नाव अवनी शिरोळे.

परतीच्या फॉर्मवर कारण सक्तीचं होतं. माप चुकलं, रंग वेगळा निघाला, आवडलं नाही, इतर. 'इतर' निवडलं तर किमान वीस अक्षरं लिहावी लागत. लोकांनी नीट कारण द्यावं, म्हणून ऋतुजानेच ती अट घातली होती. फॉर्मने नाकारलेला मजकूरही नोंदीत राहत असे. ऋतुजाने तो काउंटरवर लॅपटॉप ठेवून वाचून दाखवला.

पहिल्यांदा: "नाही."

दुसऱ्यांदा: "बाळ नाही."

तिसऱ्यांदा फॉर्मने स्वीकारलं: "बाळ गेलं. पार्सल नंतर आलं. घेऊन जा."

शैलाताईंनी चष्मा काढला.

"मी फॉर्म आत्ता बदलते, काकू."

"फॉर्म राहू दे. आधी दुकान बंद कर ते."

ऋतुजाने साइट बंद केली. "उद्या कुरिअरवाला पार्सल आणेल," ती म्हणाली.

"कुरिअरवाला तिथे दारात सही मागेल," म्हणत शैलाताईंनी पायात चपला घातल्या.

वारज्यात तिसऱ्या मजल्यावर अवनीच्या आईने दार उघडलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खोकं उंबऱ्याशीच ठेवलेलं होतं, न उघडलेलं. शैलाताईंनी ते उचललं. बोलायचं काय ते त्यांनी रिक्षात ठरवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

आईनेच हलक्या आवाजात विचारलं, "फॉर्म बरोबर भरलाय ना हो तिने? पुन्हा भरायला नका लावू."

"बरोबर आहे," शैलाताई म्हणाल्या.