उजव्याला गप्प बसवा

डॉक्टरांना गोल्फचं खूळ लागलं ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही निव्वळ हट्टापायी. डोळ्यांच्या डॉक्टरांची कसलीशी परिषद होती. ती संपल्यावर संयोजकांनी सगळ्यांना मैदानावर नेलं. तिथे यांच्याच हाताखाली शिकून गेलेल्या एका पोरीने चेंडू लांब आणि सरळ मारला, आणि यांचा गेला शेजारच्या तळ्यात. एकदा नाही, तीनदा. तीस वर्षं ज्या हाताने लोकांचे मोतीबिंदू काढले त्या हाताला एक पांढरा चेंडू जुमानेना, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. पुढच्याच रविवारी त्यांनी शिकवणी लावली.

शिकवणी म्हणजे दुकानांच्या एका इमारतीच्या तळघरातली लांबट खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला हिरवी मॅट, तिच्यापुढे जाड जाळी, दोन बाजूंना दोन कॅमेरे आणि भिंतीवर भला मोठा पडदा. शिकवणाऱ्याला सगळे रिप्ले म्हणायचे. पस्तिशीचा, किडकिडीत आणि बोलघेवडा माणूस. पोटच्या पोराचं पहिलं पाऊलसुद्धा त्याने आधी स्लो मोशनमध्ये पाहिलं असणार, अशी त्याची ख्याती होती. त्याची एक खोड होती. दार उघडल्याबरोबर तो कॅमेरा चालू करायचा.

"मॅटवर आला की माणूस नाटक करायला लागतो, डॉक्टर. दारापासून मॅटपर्यंत चालतो तेवढाच काय तो खरा."

पहिल्या दिवशी त्याने डॉक्टरांचा स्विंग पाव वेगाने पडद्यावर लावला. समोरचा पोट सुटलेला, ओठ चावत काठी फिरवणारा इसम आपणच, हे पटायला डॉक्टरांना थोडा वेळ लागला.

"हे बघा," रिप्लेने पडद्यावर लाल रेघ मारली. "इथपर्यंत डावा हात बिचारा नीट काम करतोय. आणि इथे तुमच्या उजव्याने नाक खुपसलं. फार शहाणा आहे तो. शिवाय घाई! काठी मागे न्यायला पाऊण सेकंद. गाडी सुटतेय का तुमची?"

"अहो, हाच हात घर चालवतो माझं."

"चालवू दे की. इथे मात्र तोंड मिटून बसायचं. उजव्याला गप्प बसवा आणि सावकाश घ्या. एवढे दोनच धडे आहेत, बाकी सगळं तुम्ही विसरलात तरी चालेल."

डॉक्टर मुळात अभ्यासू. दवाखान्यातल्या आरशासमोर छत्री घेऊन उभे राहायला लागले. बायको म्हणाली, "पेशंटनी पाहिलं तर दुसरा डॉक्टर शोधतील." पण फरक पडत गेला, हे खरं. चौथ्या रविवारी काठी मागे जायला पाऊणचा एक सेकंद झाला. आठव्या रविवारी सव्वा. उजवा हात असा निवांत झाला की रिप्लेने त्यांची चित्रफीत इतर शिकाऊंना दाखवायला सुरुवात केली. चेंडू सरळ जायला लागला. पडद्यावरच्या आकड्यांप्रमाणे जवळच पडायचा, पहिल्या दिवसापेक्षाही जवळ, पण सरळ.

"अंतराचं नंतर बघू," रिप्ले म्हणायचा. "आधी दिशा."

डॉक्टर खूश होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती. ती द्यायचं काम त्यांचंच असायचं.

एरवी मात्र बारीकसारीक गोष्टी कुरकुरत होत्या. दवाखान्याच्या खालच्या मजल्यावरचा औषधवाला एकदा चिठ्ठी नाचवत वर आला. "डॉक्टर, कागदाची काटकसर चाललीय का? पहिलं औषध वाचता येतं, शेवटचं म्हणजे मुंगीचं पाऊल." डॉक्टर हसले आणि चिठ्ठी पुन्हा लिहून दिली. तीही खाली खाली बारीकच होत गेली.

आणि दोन ऑपरेशनं बिघडली. मोतीबिंदूच्या मागे एक पातळ पिशवी असते, तिच्यात नवं भिंग बसवायचं असतं. ती पिशवी त्यांच्या हातून फाटली. असं वर्षाकाठी एखाद्याच्या बाबतीत व्हायचं. आता महिन्याभरात दोघांच्या बाबतीत झालं. एक शिवणकाम करणारी बाई, दुसरा बस चालवणारा. पहिल्या वेळी डॉक्टरांनी मोतीबिंदू फार कडक होता म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी यंत्राला दोष दिला आणि थिएटरमधल्या नर्सवर उगाच डाफरले. ती नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

ताईचं ऑपरेशन ठरलं ते याच सुमारास. ताई त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना लहानाचं मोठं केलं. तिचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. उजव्यावर सगळी भिस्त, आणि त्यात मोतीबिंदू पिकून आता तिला माणसाच्या जागी नुसती सावली दिसायची. दोन वर्षं ती भीतीपोटी टाळत आली होती. शेवटी कबूल झाली, पण एका अटीवर.

"तुझ्याशिवाय कुणाला डोळ्याला हात लावू देणार नाही. दुसऱ्याच्या हवाली केलंस तर उठून घरी येईन."

सोमवारची सकाळ ठरली. तपासणीसाठी डॉक्टर तिच्याकडे गेले तेव्हा जिन्यातच तिने ओळखलं.

"आलास का रे? हल्ली एक पाय घासत येतोस. नवे बूट घेतलेस की काय?"

"गोल्फचे आहेत गं. जड असतात," डॉक्टरांनी ठोकून दिलं. पायात जुनेच बूट होते. असं का बोललो, याचा विचार त्यांनी गाडीत बसेपर्यंत केला आणि मग सोडून दिला.

बारावी शिकवणी रविवारी सकाळी होती, ताईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. रिप्ले नुसता उतावीळ झाला होता. डॉक्टर मॅटपर्यंत पोचेपर्यंत तो दोनदा खुर्चीतून उठला, कॅमेऱ्यातलं काहीतरी पडद्यावर चढवलं आणि परत बसला.

"आज काठी नंतर. आधी बक्षीस बघा. तुमचे बाराही रविवार एका पडद्यावर, आजचासुद्धा. स्विंग शेवटी, पहिल्यांदा गंमत."

पडद्यावर बारा चौकोन उजळले. बारा दारं एकदम उघडली आणि बारा डॉक्टर एकदम आत आले. पहिल्या चौकोनातला किल्ल्या फिरवत, दोन्ही हात हलवत झपाझप आला. पाचव्याचा डावा हात झुलत होता, उजवा कमी. नवव्याचा उजवा कोपरात वाकलेला, अंगाला चिकटलेला, जणू त्या हातात भाजीची पिशवी आहे. बाराव्याचा हलतच नव्हता. पहिला मॅटवर पोचून चेंडू मांडत होता. बारावा अजून अर्ध्या वाटेत होता, उजवा पाय ओढत.

"बघा!" रिप्लेने मांडीवर थाप मारली. "चालतानासुद्धा उजवा गप्प! असा शिष्य मला आजवर मिळाला नाही."

डॉक्टर पडद्याच्या जवळ गेले. शिकत असताना त्यांचे एक सर रोग्यांना वॉर्डाबाहेरच्या लांब बोळातून चालायला लावायचे. पाय बघू नका, हात बघा, म्हणायचे. कंपवाताची सुरुवात कंपानेच होते असं नाही. आधी एका बाजूचा हात झुलायचा थांबतो, अक्षर बारीक होतं, माणूस सावकाश होत जातो. परीक्षेत हा प्रश्न डॉक्टरांनी तोंडपाठ लिहिला होता. दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्याला इतके आठवडे स्वतःचं एवढं ढळढळीत दिसू नये, याची त्यांना भीतीपेक्षा शरम जास्त वाटली.

"मला एकदा जुन्यासारखा मारू दे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसासारखा. घाईघाईने."

"आता कशाला? मोडलेली खोड परत..."

"मोज तू."

त्यांनी काठी घेतली. होता नव्हता तेवढा जोर लावून मागे नेली. पडद्यावर आकडा आला, सव्वा सेकंद. पुन्हा मारला. सव्वाच. तिसऱ्या वेळी दात आवळले, मान आखडली, कपाळावर घाम आला. एक पूर्णांक तीन.

"कमाल आहे तुमची!" रिप्ले हसला. "आता ठरवूनही चूक होत नाही तुमच्या हातून."

डॉक्टर मॅटच्या कडेला असलेल्या बाकावर बसले. आठव्या आणि अकराव्या चौकोनाखालच्या तारखा त्यांनी रिप्लेला वाचायला सांगितल्या. आठव्याच्या दुसऱ्या दिवशी शिवणकामवाली बाई, अकराव्याच्या दुसऱ्या दिवशी बसवाला. सोमवार त्यांचा ऑपरेशनचा वार होता.

त्यांनी उजवा हात समोर धरला. बोटं पसरली. अजिबात थरथर नव्हती. आणि त्या घटकेला त्यांच्या मनात आलं ते सांगायला हवं, कारण पुढे स्वतःला त्यांनी त्याचीच क्षमा केली नाही. हात थरथरत नाही. वीस मिनिटांचं काम. सावकाश करू, तेवढं उद्याचं एकच करू आणि मग तपासून घेऊ. कुणाला कळणार आहे?

रिप्लेने काठी मागे न्यायच्या नव्या पद्धतीबद्दल काहीतरी सुरू केलं होतं. पडद्यावर बारा दारं पुन्हा उघडली. त्याने ते फिरत राहील असं लावून ठेवलं होतं.

खिशातला फोन वाजला. तो उजव्या हाताने काढायला गेले, बोटं खिशातच अडखळली. मग डाव्याने काढला. ताई होती.

"उद्या कितीला येऊ रे? आणि हे बघ, मला आता भीती नाही वाटत. तू आहेस म्हटल्यावर कसली भीती."

डॉक्टरांनी समोर पाहिलं. पडद्यावरचा बारावा पुन्हा दारातून निघाला होता, उजवा पाय ओढत.

"ऐकतोयस ना?"

"ताई, उद्याचं ऑपरेशन मी नाही करणार. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आहे, तिच्याशी बोलतो. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"खुळा की काय तू? माझी अट काय होती? तू नाही तर कुणी नाही." मग ती थबकली. लहानपणापासून ती त्यांचा श्वास ओळखत होती. "काय झालं? खरं सांग."

"तू बुटांचं विचारलं होतंस ना," डॉक्टर म्हणाले, "ते बुटांमुळे नव्हतं गं."

रिप्ले बोलायचा थांबला होता आणि पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता डॉक्टरांच्या हाताकडे बघत होता.

"तिलाच करू दे," ताई शेवटी म्हणाली. "आत्ता निघ आणि इकडे ये. आणि जिना जपून चढ."