मागच्या दाराचा इलाज

निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे अठ्ठेचाळीसच्या पाडव्याला सेलूच्या ईश्वरअप्पांनी आपलं कापडाचं दुकान मुलाच्या, शिवलिंगच्या, हवाली केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन ते घरामागच्या परसात उतरले. तीस वर्षं त्या परसात त्यांनी हात धुण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांची बायको चन्नबसम्मा तेव्हा चुलीपुढे होती, म्हणून अनर्थ टळला नाही.

नाहणीजवळ तिचा एक वाफा होता. नाहणीचं पाणी त्यात जाई आणि वर्षभर काही ना काही हिरवं असे. त्या दिवसांत अंबाडी होती, वीतभर वाढलेली, कोवळी. अप्पांनी ती सगळी तण समजून उपटली, ढीग करून गुरांना टाकली आणि घाम पुसत जेवायला बसले. ताटात पिठलं बघून म्हणाले, "आज अंबाडीची भाजी न्हाई का?"

चन्नबसम्मानं त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. ती गप्प बसली की घरातली माणसं जपून वागत. अप्पांना मात्र तीस वर्षांत ही साधी गोष्ट लक्षात आली नव्हती.

अंबाडीच्या जागी हैदराबादेहून मागवलेले गुलाब आले. त्यांच्यासोबत बागकामावरची एक जाडजूड उर्दू किताबही आली. अप्पांचं शिक्षण उर्दूत झालेलं, तेव्हा किताब त्यांना फडाफडा वाचता येई. झाडं त्यांना वाचता येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

"गुलाबाची भाजी कशी करायची ते लिहिलंय का त्यात?" चन्नबसम्मानं एकदाच विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!" अप्पा म्हणाले. हे वाक्य तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

थोड्याच दिवसांत अप्पा पुढच्या ओट्यावर किताब मांडीवर घेऊन बसू लागले, आणि गल्लीतली माणसं आपापल्या झाडांची दुखणी घेऊन येऊ लागली. शेजारच्या नर्मदाबाईंच्या दोडक्याला ढीगभर फुलं येत, पण दोडका एकही धरत नव्हता. अप्पांनी बोट ओलं करून पानं उलटली, खडा आवाज लावून वाचायला सुरुवात केली आणि 'हड्डी का चूरा' इथपर्यंत येऊन थबकले. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि तोंडातून हाडांची भुकटी! त्यांनी घाईनं पान उलटलं आणि म्हणाले, "गुलाबपाणी शिंपडा."

नर्मदाबाई मान हलवून उठल्या, भिंतीला वळसा घालून मागच्या बोळात शिरल्या आणि परसाच्या दाराची कडी वाजवली. तिथे आत एक सपाट दगड होता. त्यावर बसवून चन्नबसम्मानं विचारलं, "फुलाच्या मागं बारीक दोडका दिसतोय का?"

"काहींच्या मागं दिसतो, काहींच्या न्हाई."

"न्हाई ती बाप्यांची. आधी तीच येतात मिरवायला, त्यांचं काय मनावर घ्यायचं न्हाई. सांजच्याला फुलं उमलली की बाप्याचं एक फूल तोडून बाईच्या फुलाला लावा. पंधरा दिवसांत दोडके खायला बोलवा मला."

पंधरा दिवसांत दोडके आले. नर्मदाबाईंनी चार ओट्यावर अप्पांना दिले, चार मागच्या दारानं चन्नबसम्माला. गुलाबपाण्याची कीर्ती सेलूभर झाली.

मग तो दस्तूरच पडला. सवाल पुढच्या ओट्यावर, जवाब मागच्या दाराशी. कोथिंबीर उगवत नाही म्हणणाऱ्याला अप्पा अख्ख्या किताबाची सैर घडवत. मागच्या दाराशी एवढंच कळे, की धणे सबंध पेरू नयेत, रगडून दोन फाका कराव्यात. वालावर मावा पडला तर पुढे चर्चा, मागे चुलीतली राख. सून उमादेवीला हे सगळं माहीत होतं. सासऱ्यांची तारीफ कानावर आली की ती पदर तोंडात कोंबून माजघरात पळे.

"आत्याबाई, मामंजींना सांगायचं न्हाई का?"

"विचारल्यावर सांगीन," चन्नबसम्मा म्हणे.

तिला कीर्ती नको होती. तिला तिचा वाफा हवा होता. दर दोन दिवसांनी बाजारातून मिळेल तसली, दुपारपर्यंत मान टाकलेली अंबाडी आणताना तिचा जीव जळत असे. पण मागायचा कसा? जो माणूस विचारत नाही, त्याच्याकडे मागून मिळत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

श्रावण आला. मानवतचे वीरुपाक्ष म्हणजे उमादेवीचे वडील. त्यांच्या दारात मोठा बेल होता, आणि श्रावणातल्या दर सोमवारी ते गाडीनं माणूस धाडून टोपलीभर पानं पाठवत. पानांसोबत निरोप असे, 'व्याह्यांना पुरली का?' ह्या तीन शब्दांनी अप्पांची झोप उडे. तिसऱ्या सोमवारी त्यांनी त्याच माणसाकडून उलट निरोप धाडला, 'पुढल्या श्रावणात पहिल्या सोमवारी इथं पूजेला या. आमच्या झाडाची पानं तुमच्या हातात देतो.'

देवगाव फाट्याकडून बैलगाडीत घालून कमरेइतकं बेलाचं रोप आलं. परसाच्या मधोमध काळ्या मातीत खोल खड्डा करून अप्पांनी ते लावलं. भोवती आळं केलं, आळ्याला उंच बांध घातला, आणि सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन घागरी असं पाणी सुरू केलं. घरात चौघांच्या गळ्यात लिंग. चौघांची दोन वेळची पूजा. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून कुठल्यातरी झाडाला घालायचं असे; आता अप्पांनी हुकूम काढला, की ते सगळं बेलालाच जाईल.

"बेल माळरानातलं झाड हाय," चन्नबसम्मा म्हणाली. "त्याला एवढं पाणी सोसत न्हाई."

"महादेवाच्या झाडाला महादेवाचं पाणी सोसत न्हाई? तुला काय कळतंय त्यातलं!"

पदराच्या गाठीत आणखी एक भर पडली. तिनं मनाशी ठरवलं, आता ह्यांनी विचारल्याखेरीज ह्या झाडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण ठरवलं तरी तो बेल होता. तो मेला असता तर पाप तिलाही लागलं असतं. म्हणून ती रोज पूजेत डोळे मिटून सांगे, "महादेवा, तुझं झाड हाय, जरा धीर धर. मी ह्यांची वाट बघायलेय." आणि स्वतःचं व उमादेवीचं पूजेचं पाणी गुपचूप जाईच्या वेलाला घाली. हुकूम मोडला होता, पण पायाखाली पाणी येऊ दिलं नव्हतं.

फाल्गुनात बेल पिवळा पडला. चैत्रात उघडाबोडका झाला. "पानगळ हाय, दस्तूर हाय," अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वैशाख लागला. गावातल्या सगळ्या बेलांना लालसर पालवी फुटली, अप्पांच्या बेलाला काही नाही. मग इलाज सुरू झाले. ताक पाण्यात कालवून, हिंग पाण्यात विरघळवून, तंबाखू पाण्यात उकळून. प्रत्येक इलाज पाण्यातूनच जाई, त्यामुळे बिचाऱ्या झाडाची एकाही औषधातून सुटका नव्हती.

त्यात मानवतहून चिठ्ठी आली. वीरुपाक्ष पूजेला येणार होते, सोबत चार पाहुणे आणणार होते. अप्पांना अन्न गोड लागेना. कुणाला विचारायची सोय नव्हती; ज्याला अख्खं सेलू विचारतं, त्यानं कुणाला विचारावं?

अशातच एके दिवशी जवळच्या खेड्यातली बायनाबाई पाटीभर लिंबं घेऊन आली. मागल्या वर्षी तिच्या लिंबाला फळ धरत नाही म्हणून ती ओट्यावर विचारून गेली होती, आणि अप्पांनी तिला शेणखत नि पाणी दुप्पट करायला सांगितलं होतं. आता पाटी बघून अप्पा सावरून बसले. बायनाबाई त्यांना नमस्कार करून सरळ पुढे निघाली.

"अगं, लिंबं कुठं न्यायलीस?"

"मागं, तुमच्या घरच्या अव्वाला. तिनंच सांगितलतं, झाडाचं पाणी तोड, लय लाड झालेत म्हणून." बायनाबाई भोळी होती. "तुमची दवा केली न्हाई अप्पा, राग मानू नका. तुमची कुणीच करत न्हाई."

अप्पा तीन दिवस ओट्यावर बसले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना परसाच्या दाराची कडी वाजली. उमादेवीनं फटीतून बघितलं आणि ती धावत आत आली. "आत्याबाई, मामंजी हायेत! पुढून निघून बोळानं आलेत. डोक्यावर उपरणं घेतलंय."

चन्नबसम्मानं दार उघडलं. नवरा म्हणून घरात विचारायची अप्पांना लाज वाटत होती, म्हणून ते परके होऊन आले होते. तिला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. पण हसू तिनं आवरलं आणि वाईट वाटलेलं दाखवलं नाही. "बसा," तिनं दगडाकडे बोट दाखवलं. दगड चांगला तापलेला होता. अप्पा बसले, उठले, पुन्हा बसले.

"एका गृहस्थाचं काम हाय," ते खाली बघून म्हणाले. "त्याचं बेलाचं झाड वाळायलंय."

"गृहस्थ गावातला?"

"ह्याच गल्लीतला."

"शहाणा हाय का?"

"लोक तसं म्हणतात."

"मंग कठीण हाय. शहाणी माणसं ऐकत न्हाईत. पाणी किती घालतोय?"

अप्पा बोटं मोजू लागले. "सकाळी दोन घागरी. सांजच्याला दोन. पूजेचं पाणी. परवा ताक. काल हिंगाचं. आज सकाळी तंबाखूचं." म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसत गेला. दाराआडून उमादेवीच्या बांगड्या वाजल्या.

"चला, मातीत बोट घाला."

अप्पांनी आळ्यात बोट घातलं. ते पेरापर्यंत, मग मुळापर्यंत काळ्या चिखलात गेलं. बाहेर काढल्यावर आंबूस वास आला. भर वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, अप्पांनी एक झाड बुडवलं होतं. ते तिथेच मातीत बसले.

"मेलंय का गं?" त्यांनी विचारलं. आता त्यात गृहस्थ नव्हता, मानवतचे व्याही नव्हते. म्हातारा खरोखर घाबरला होता, आणि ते बघून चन्नबसम्माचा सगळा राग निवला. तिनं वाकून खोडावर नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"जिवंत हाय. बेल हाय तो, किताबाला दाद देत न्हाई." मग राग निवला तरी हिशेब तिनं सोडला नाही. "पण दवा फुकट न्हाई."

"बोल."

"नाहणीजवळचा वाफा."

अप्पांनी गुलाबांकडे बघितलं. गुलाबांना एवढ्या महिन्यांत तीन कळ्या आल्या होत्या, त्यातल्या दोन मुंग्यांनी खाल्ल्या होत्या. "आणि ह्यांना कुठं लावू?"

"ते त्या गृहस्थाला विचारा."

त्या दुपारी अप्पांनी स्वतः बांध फोडला, आळ्यापासून भिंतीपर्यंत उताराचा चर काढला, भोवतीची माती उकरून तीत मुरूम मिसळला. गुलाब भिंतीकडेला गेले आणि पूजेचं पाणी त्यांच्या वाट्याला आलं. बोट दोन पेरं कोरडं निघेपर्यंत बेलाला थेंबही द्यायचा नाही, असा चन्नबसम्माचा हुकूम. अप्पा दिवसातून सहा वेळा बोट घालून बघत. ज्येष्ठात एका फांदीवर तांबूस ठिपका दिसला तेव्हा त्यांनी दुकानातून शिवलिंगला बोलावून आणलं. गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून तो बिचारा धावत आला आणि ठिपका बघून परत गेला. पावसाळ्यात चरातून पाणी निघून जात राहिलं आणि बेल अंगानं भरला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वीरुपाक्ष चार पाहुण्यांसह आले. अप्पांनी आपल्या झाडाची कोवळी पानं त्यांच्या हातात दिली. पूजा झाली, जेवणं झाली. जेवणात अंबाडीची भाजी होती आणि पाहुण्यांनी ती दोनदा मागून घेतली. मग सगळे ओट्यावर बसले. गल्लीतलेही पाचसात जण जमले.

"मानलं तुमाला, व्याही," वीरुपाक्ष म्हणाले. मग जरा आवाज उतरवून, "माझ्या डाळिंबाची फुलं गळायलीत. तुमची किताब काय म्हणतीय?"

चन्नबसम्मा दाराआड पान-सुपारीचं तबक घेऊन उभी होती. वाफा मिळाला होता, अंबाडी उगवली होती, तिला आणखी काही मागायचं नव्हतं. तरी तिचे पाय तिथून हलेनात. अप्पांनी किताब मांडीवर घेतली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग ती मिटून बाजूला ठेवली.

"किताबात फकस्त वाचायचं हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इलाज पायजे असंल तर ह्या भिंतीला वळसा घाला आणि मागच्या दाराची कडी वाजवा. सगळं सेलू तिकडूनच जातंय. मी पण तिकडूनच गेलतो."

वीरुपाक्षांनी उठून पायात वहाणा सरकवल्या. तबक उमादेवीच्या हातात देऊन चन्नबसम्मा परसाकडे निघाली. तिला इतका आनंद झाला होता की चालताना तिचा पाय चरात पडला. वीरुपाक्ष वळसा घालून येईपर्यंत तिनं कडी काढली, दगड झाडला, आणि व्याह्यांना बसायला म्हणून त्यावर घोंगडीची घडी टाकली. अप्पांना ती घडी मिळाली नव्हती.