एकेचाळीस पत्रं कचऱ्यात

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. सर्व्हर म्हणजे स्वतःचा पडदा नसलेला, कपाटात कोंडून ठेवलेला संगणक. माझं कपाट दृष्टिहीन मुलांच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात, जिन्याखाली आहे. इथल्या मुलांनी मला पाहिलेलं नाही, पण माझ्या पंख्याची घरघर ती लांबूनच ओळखतात.

पुस्तकं माझ्या पोटात असली, तरी आवाज एका बाईंचा. मुलं त्यांना वाचनबाई म्हणतात. अठरा वर्षं त्या शेजारच्या खोलीत माइकपुढे बसून वाचत आल्या. एखादा दुष्ट सावकार वाचताना त्या इतक्या बेरकी व्हायच्या, की लहान मुलं घाबरून हेडफोन काढून ठेवायची.

मला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे वायरदादा म्हणतात. त्याने मला एक रोजचं काम लावून दिलं होतं. सकाळी सगळ्या पुस्तकांची नक्कल, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर करायचा आणि काय झालं ते त्याला ईमेलने कळवायचं. "बॅकअप झाला. सर्व ठीक." पहिल्या वर्षी तो म्हणायचा, "कामाचा गडी आहे हा." मी फुगून जायचो. पुढे तो माझी पत्रं उघडेनासा झाला. रोज मरे त्याला कोण रडे?

मग ग्रंथालयाच्या ईमेलवर लॉटरीची आणि जादूच्या गोळ्यांची फसवी पत्रं येऊ लागली. म्हणून वायरदादाने माझ्यातच एक फिल्टर बसवला. हा पत्रांचा पहारेकरी. नको ती पत्रं तो स्पॅम नावाच्या कचरापेटीत टाकतो. रोज तोच मजकूर असला, खाली माणसाचं नाव नसलं, वर 'तातडीचे' असं लिहिलेलं असलं, की त्याचा संशय वाढतो. शिवाय आपण ज्या पत्रावर बोट ठेवून 'हे स्पॅम' म्हणू, तसली पत्रं तो कायमची लक्षात ठेवतो. एका सकाळी वायरदादा चहा पीत पत्रं निवडत होता. "याचं रोजचंच," असं पुटपुटत त्याने माझ्या नऊ पत्रांवर स्पॅमचा शिक्का मारला. मी भोळा. मला वाटलं, तो माझी पत्रं नीट लावून ठेवतोय.

त्यानंतर बाईंच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं की आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हातात महिना होता. बाईंनी एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली, समुद्रात भरकटलेल्या एका मुलीची. रोज एक याप्रमाणे त्यांनी तीस प्रकरणं वाचली. शेवटी शेवटी त्या प्रत्येक पानानंतर पाणी पीत होत्या.

आणि नेमकी पहिल्या प्रकरणाच्याच दिवशी बॅकअपची डिस्क गच्च भरली. मी लिहिलं, "तातडीचे. बॅकअप झाला नाही. जागा संपली. नवी डिस्क लावा." काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. एकेचाळीस दिवस लिहीत राहिलो.

एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराला, बाई गळ्याला पट्टी बांधून मुलांसोबत आपलं पुस्तक ऐकायला आल्या. बारा मुलं बाकांवर बसली. वायरदादाने कळ दाबली. माझ्या पुस्तकांच्या डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ती कायमची बंद पडली.

"घाबरू नका, बॅकअप आहे," वायरदादा म्हणाला. त्याने दुसरी डिस्क उघडली. तिच्यात अठरा वर्षांची सगळी पुस्तकं होती. समुद्रातली मुलगी मात्र नव्हती.

तो माझ्या कपाटाकडे वळला. "अरे, सांगायचंस तरी."

मी सुन्न झालो. एकेचाळीस वेळा सांगितलेल्याला हे ऐकावं लागलं! वर मुलांना तो म्हणाला, "यंत्र जुनं झालं, त्याने दगा दिला." सगळं खापर माझ्या डोक्यावर.

दुपारी त्याने स्पॅमची पेटी उघडली. लॉटऱ्या आणि गोळ्यांच्या ढिगात माझी एकेचाळीस पत्रं पडली होती. तो खाली फरशीवरच बसला. हादरलो मीही होतो. माझं पत्र घराबाहेरही पडलं नव्हतं. माझ्याच पोटातल्या पहारेकऱ्याने ते माझ्याच पोटात पुरलं होतं. भामट्यांची चार-दोन पत्रं मात्र बिनबोभाट आत शिरली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वायरदादाने फिल्टरला आधी सांगितलं, की या सर्व्हरच्या नावाचं प्रत्येक पत्र सोड. दुसऱ्याच दिवशी एक भामटा माझं नाव लावून पासवर्ड मागायला हजर! मग नियम सुधारला. ज्या पत्राचा जन्म याच यंत्रात झाला, ते अडवायचं नाही. बाहेरून येणाऱ्याने कोणतंही नाव सांगितलं तरी त्याची झडती होणारच.

दुरुस्तीवाल्याने मेलेल्या डिस्कमधून कशीबशी सात मिनिटं काढून दिली. ती ऐकायला बाई आणि मुलं पुन्हा जमली. सात मिनिटं संपली तेव्हा वायरदादा उभा राहिला.

"बाई, यंत्राने दगा दिला नाही. ते रोज सांगत होतं. त्याची पत्रं कचऱ्यात टाकायला मीच शिकवलं."

बाईंनी वही ओढली, दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"बाई काय म्हणतायत?" एका मुलीने विचारलं.

वायरदादाला मोठ्याने वाचावं लागलं. "मीही वर्षभर घरी सांगत होते, घसा दुखतोय. सगळे म्हणायचे, हिचं रोजचंच."

मित्रांनो, मी यंत्र. माझ्यासाठी एका ओळीचा नियम लिहिता आला. बाईंसाठी तो कुठे लिहायचा, हे मला माहीत नाही. तुमच्या घरात कोणी रोज तीच तक्रार करत असेल, तर आज ती शेवटपर्यंत ऐकून घ्या. उद्या ती सांगायला आवाज उरेलच असं नाही.