मॅडमले कसं सांगू दुखते म्हणून

आमच्या अड्याळ गावात कोणी "बरं हाय ना?" असं विचारलं, की पाय मोडलेला माणूसही "बरं हाय" म्हणतो. आमच्या मालकांनी, आनंदरावांनी, ही रीत डॉक्टरणीशीही पाळली.

झटका आला तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या नसेत स्टेंट बसवला. मग तिथल्या डॉक्टर रिता मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. हाडांच्या मगजात मूळपेशी असतात. एका इंजेक्शनानं त्या रक्तात उतरतात. दुखावलेल्या हृदयाला त्या मदत करतात की नाही, ते अजून नक्की नाही. ह्या अभ्यासात आधी बघायचं आहे, की स्टेंट बसवलेल्या माणसाला हे औषध झेपतं का. खुशी असेल तरच घ्यायचं.

"म्हणजे पऱ्ह्याचे कवळे रोपं उपटून बांधीत धान रोवणं," आमचे हे म्हणाले.

"तसंच समजा, काका. पण रोवलेलं सारं रुजेलच असं नाही. आणि काहीही दुखलं तर सांगायचं. डाव्या बरगडीखाली दुखलं तर ताबडतोब."

हे राजी झाले. घरी आल्यावर गावातली नर्स सरिता रोज येऊन इंजेक्शन देई आणि संध्याकाळी मॅडमचा फोन येई.

"काका, काही त्रास?"

"नाई मॅडम, एकदम मस्त. तुमी जेवल्या का?"

फोन ठेवून खाटेवर टेकले, की "आई वं!" कंबर धरायची, मांड्या चोळायच्या.

"आता कोण ओरडलं?" मी विचारी. "मस्त माणूस त आत्ताच फोनवर होता."

"तू गप राय वं, तुळसा. लेकीसारखी पोरगी, कामं सोडून इचारते. तिले कसं सांगू, तुह्या औषधानं हाडं ठणकून राहिले म्हणून? पंगतीत भाजी खारट झाली त वाढणाऱ्याले कोणी म्हणते का?"

"नाई म्हणत. म्हणून दुसरी पंगतही खारटच जेवते."

एक दिवस मी नेहमीसारखी चिडवत होते. त्यांनी ताटातला भात अर्धा सोडला. डावा हात बरगडीखाली दाबून बसले. माझं हसू तिथंच थांबलं.

"मॅडमनं सांगतलं होतं तिथंच दुखते ना?"

"अवं, गॅस हाय."

तेवढ्यात फोन वाजला.

"काका, काही त्रास?"

"बिलकुल नाई..."

मी फोन हिसकावला. "मॅडम, हा माणूस रोज खोटं बोलून राहिला! हाडं कवाचीच ठणकतात, अन् आज डाव्या बरगडीखाली हात धरून बसले."

"काकू, आत्ताच निघा. त्यांना काही उचलू देऊ नका."

शेजारच्या मोनूच्या गाडीत हे तोंड फुगवून बसले. "माही इज्जत घालवली तू."

"जीव राहू द्या. इज्जत मंग शोधू."

दवाखान्यात मशीनवर पोट तपासलं. डाव्या बाजूची पांथरी, म्हणजे प्लीहा, औषधानं सुजली होती. फाटली नव्हती. मॅडमनी इंजेक्शन बंद केलं आणि ह्यांना नजरेखाली ठेवून घेतलं.

ह्यांना मात्र दुसरीच काळजी. "मॅडम, माह्यामुळं तुमचं औषध बदनाम झालं."

"काका, तुम्ही लपवलं असतं तर औषध उगाच चांगलं ठरलं असतं. आणि पुढच्या एखाद्याची पांथरी कदाचित फाटली असती."

ह्यांनी उशी सरकवून मॅडमकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाले, "मंग सारं सांगू?"

"सारं सांगा."

"पायाच्या अंगठ्यापासून?"

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. मी चहा आणायला खाली गेले. परत आले तेव्हा हे गुडघ्यापर्यंत पोचले होते.