यादीत नसलेली पोर

वल्लरीला कुणी दरवान म्हटलं असतं, तर तिनं त्याला बारामतीच्या ऑफिसात चहासुद्धा विचारला नसता. पण तिचं काम तेच होतं. बारामती-इंदापूरकडच्या डाळिंबवाल्यांच्या संस्थेनं फोनवर बोलणारे एआय एजंट ठेवले होते. त्यातला कोणता सभासदांना फोनवरच्या यादीत दिसेल आणि त्याच्याशी बोलायला कोणाला आत घ्यायचं, हे वल्लरी ठरवायची. फवारणीचा एजंट तर तिनं स्वतः घडवला होता. तो शुद्ध बोलायचा, चुकायचा नाही, आणि लोक त्याच्याशी कामापुरतं बोलून फोन ठेवून द्यायचे.

मग संस्थेतल्याच, कळस गावच्या राजनंदिनीनं तोडणीचा एजंट केला. कोणाची बाग कधी तोडायची, गाडी आधी कोणाकडं जाणार, हे तो सांगायचा, तेही राजनंदिनीच्याच आवाजात आणि तिच्याच बोलीत. "मावशी, फळ फुटायच्या आत तोडा. गाडी लावून दिऊ का?" लोकांनी त्याचं नाव 'कळसची पोर' पाडलं. कऱ्हाटीच्या प्रयागबाई तर गाडी मागायच्या निमित्तानं तिला सुनेची गाऱ्हाणी सांगून घ्यायच्या.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब एकदा ऑफिसात सहज बोलून गेले, "येत्या सभेत ठरवून टाकू. फवारणीला बी हीच पोर ठिवू. लोकांचा जीव हाय तिच्यावर." वल्लरी समोर बसली होती हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. इतकी वर्षं आपण शुद्धलेखन सांभाळलं आणि जीव लागला तो "दिऊ का"वर, या विचारानं तिचा नुसता जळफळाट झाला. तिला राजनंदिनीचा हेवा वाटत होता आणि आपल्याला हेवा वाटतो याचा आणखी संताप येत होता.

एजंट बंद करायचा तर दोन कामं असत. यादीतून नाव काढायचं आणि दाराला कुलूप लावायचं, म्हणजे यादी सोडून थेट येणाऱ्याचीही वाट बंद करायची. नाव काढणं तिच्या एकटीच्या हातात होतं. कुलपाला आप्पासाहेबांची मंजुरी लागे आणि सोबत कारण द्यावं लागे. कारण काय देणार, पोटात दुखतं म्हणून? तिनं नुसतं नाव काढलं. जे दिसतच नाही ते कोण मागणार, आणि सभेपर्यंत लोक विसरतील, असा तिचा हिशेब होता.

शिकल्यासवरल्या माणसाचा हिशेब इथंच चुकतो. आपल्याकडं पाटी वाचून कोण कुठं जातं? माणूस दवाखान्यात गेला तरी ओळखीनं जातो. यादीत पोर दिसेना, तेव्हा कऱ्हाटीच्या लोकांनी कळसच्या पाहुण्यांना फोन केले. राजनंदिनीच्या शेजारपाजाऱ्यांकडं एजंटचा थेट पत्ता, म्हणजे त्याची लिंक, होतीच. "हितनं जावा, आपल्याच घरचं हाय," म्हणत तो पत्ता गावोगावच्या ग्रुपवर फिरला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

यादीतून येणाऱ्याची ओळख यादीच तपासायची. थेट येणाऱ्याला अडवायला फक्त ते कुलूप होतं, आणि ते लावलेलंच नव्हतं. ग्रुपवरून पत्ता एका बाहेरच्या व्यापाऱ्याच्या हाती लागला. आत आलेला तो आपलाच माणूस, असं समजून पोरीनं त्याला सगळं सांगून टाकलं. कोणाचं फळ फुटायला आलंय, कोणाची गाडी लांबलीय. व्यापारी थेट प्रयागबाईंच्या बांधावर उभा राहिला.

सभेत प्रयागबाईच उठल्या. "माझी गाडी येणार न्हाय, हे त्याला माज्या आधी ठावं हुतं. घाबरून पडंल त्या भावानं माल दिला मी."

"दार उघडं कुणी ठिवलं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात राजनंदिनी उठली. "चूक माजीच हाय. वल्लरीताईंनी पोरीला यादीतनं काढली, तवाच त्यांना कायतरी खटकलं असणार. मी जाऊन इचारायला पायजे हुतं."

"बघा, वल्लरीला आधीच वास लागला हुता," मागून कोणी तरी बोललं. माना डोलल्या. जी वाहवा वल्लरीनं वर्षानुवर्षं मागितली, ती अशी मिळाली, तीही राजनंदिनीच्या तोंडून. वल्लरीनं खरं काय ते सांगितलं नाही, ती वाहवा तशीच घेतली. पोरीला त्याच दिवशी कुलूप लागलं, राजनंदिनीचं काम गेलं आणि तोडणीही वल्लरीच्या एजंटकडं आली.

आता सगळे तिच्याच दारात यायचे. आपल्या एजंटशी लोक काय बोलतात, हे ती हौसेनं ऐकायला बसली. पहिला निरोप प्रयागबाईंचा होता. "बाबा, तुझं ऱ्हाऊ दे. ती कळसची पोर कुठं गेली तेवढं सांग." एजंटनं शुद्ध भाषेत उत्तर दिलं, "क्षमस्व, या नावाचा एजंट यादीत नाही." दुसरा निरोप तसाच. पुढचेही तसेच. समोरच्या बाईशी निदान भांडता येतं, खोड काढता येते. जी नाहीच, तिच्यात खोट कुठून काढणार?

ती उठून कन्हेरीला आप्पासाहेबांच्या घरी गेली, तेव्हा ते गोठ्यात होते. वल्लरी उभ्याउभ्याच म्हणाली, "कुलूप लावायचं काम माझं होतं, आप्पासाहेब. मी ते लावलं नाही. नाव काढलं ते हेव्यापोटी."

आप्पासाहेबांनी हातातली पेंड खाली ठेवली. "आन् हे आज सांगतीस? आता तर समदं तुलाच मिळालं न्हवं?"

"कुठं मिळालं? लोक माझ्याच एजंटला तिचा पत्ता विचारतात."

आप्पासाहेबांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "लाव राजनंदिनीला फोन. हितंच, माज्यासमोर. मला सांगितलंस तेच तिला सांग."

वल्लरीनं फोन लावला.

"बोला ना ताई," पलीकडून राजनंदिनी म्हणाली. "जेवला का?"

आवाज खरंच गोड होता. एवढी माणसं उगाच नव्हती तिच्यात गुंतली, हे वल्लरीला कबूल करावं लागलं. आपण तोंड उघडल्यावर हा आवाज आपल्याशी पुन्हा असा बोलणार नाही, हेही तिला कळत होतं. तिनं तोंड उघडलं.