आखूड प्रश्न

सुमंत वकिलांच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या ते साल १९९८. उपचार हुबळीला सुरू झाले. दर पंधरवड्याला सलाईनमधून चार औषधं. गाठी विरत चालल्या, पण अर्ध्या वाटेवर त्यांना कोरडा खोकला लागला. "कोर्टातली धूळ," म्हणून ते विषय मिटवत. उपचार थांबतील या भीतीनं डॉक्टरांपाशी त्यांनी तोंड उघडलं नाही. शेवटी बायको दीपश्रीच बोलली.

"डॉक्टर, यांचं एक वाक्य पुरं होत नाही. मधेच थांबतात. घराजवळचा सप्तापूरचा चढ तर आता चढवतच नाही."

एक्स-रे पाहून डॉक्टर गंभीर झाले. "चार औषधांतल्या ब्लिओमायसिननं फुफ्फुसं सुजलीत. ते आजपासून बंद. लपवत राहिला असतात तर जिवावर बेतलं असतं, वकीलसाहेब."

"आणि कॅन्सर उलटला तर?"

"बाकीची तीन चालूच राहतील. सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या देतो."

गोळ्यांनी चेहरा सुजला, झोप उडाली. खोकला हळूहळू हटला, पण फुफ्फुसांवर व्रण राहून गेले. कॅन्सरचे उपचार संपले तरी आंघोळ करून आले की सुमंत खुर्चीत बसून राहत. बाररूममधले ज्येष्ठ बाळाचार्य घरी येऊन म्हणाले, "आता दावे लिहून दे. उलटतपासणी दुसरा कोणी करेल."

"उलटतपासणी मीच करणार," सुमंत म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सरावासाठी दीपश्री साक्षीदार होऊन समोर बसू लागली. एरवी सुमंतांचा एक प्रश्न पानभर चाले. आता एका श्वासात मावेल तेवढंच विचारायचं. जमेना तेव्हा ते चिडत.

"श्वास घ्या आणि परत विचारा," ती शांतपणे म्हणे.

पावसाळा सरल्यावर ते धारवाडच्या कोर्टात उभे राहिले. जवळच्याच बेलूरच्या कारखान्यात हात गमावलेल्या लक्ष्मणच्या भरपाईचा दावा होता. दोन प्रश्नांतच त्यांना धाप लागली. टेबलाचा आधार घेत त्यांनी बसून बोलायची परवानगी मागितली.

"कूतकोंड माताडरी," न्यायाधीश कन्नडमध्ये म्हणाले. बसून बोला.

"यंत्राला जाळी होती?" सुमंतांनी कारखान्याच्या मॅनेजरला विचारलं.

"होती."

"त्या दिवशी?"

मॅनेजर घुटमळला. सुमंत श्वास घेत थांबले. कोर्टही थांबलं.

"दुरुस्तीला काढली होती," मॅनेजर म्हणाला.

दावा पुढं वर्षभर चालला आणि लक्ष्मणला भरपाई मिळाली. सुमंतांचा कॅन्सर परतला नाही. पूर्वीचा दमही परतला नाही. कोर्टाच्या पायऱ्या ते दमादमानं चढत, आणि कोणी हात पुढं केला तर तो धरत.